टिपरी साळुंकी, फरशी-विशारद

एका जंगलात टिपरी नावाची साळुंकी राहायची. कुठलं जंगल ते विचारू नका. विचारलंत तर मी तुमच्याच गावाचं नाव सांगेन.

तर बाळांनो, नीट बसा. मागच्या रांगेतल्यांनी डबे बंद करा. गोष्ट शिक्षणाची आहे, म्हणजे झोप येणारच. आली तरी झोपू नका. या गोष्टीत ते काम दुसऱ्या एकाकडे आहे.

टिपरीला पोपटी बोली फर्डी यायची. पोपटांनी एके काळी अर्ध्या जगावर राज्य केलं होतं. राज्य गेलं, पोपट गेले, बोली तेवढी राहिली. ज्याला पोपटी येते त्याचं भलं होतं, असं जो तो म्हणायचा. टिपरी लहानपणी एका म्हाताऱ्या पोपटिणीच्या ढोलीखाली वाढली होती. पोपटीण दिवसभर गाणी म्हणायची, कुरकुरायची, येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवायची. टिपरीने ते सगळं उचललं. भांडण तर विशेष चांगलं उचललं.

मोठं होऊन मास्तरीण व्हायचं, हे तिने पंख फुटायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. पाठच्या भावंडांना फांदीवर ओळीने बसवायची आणि शिकवायची. वटवृक्ष विद्यापीठात तिने नावही घातलं. पण दुसऱ्या वर्षाला वडिलांचा पंख मोडला. घरट्यात चार चोची उघड्या. टिपरीने अभ्यास सोडला आणि किडे वेचायला लागली. भावंडं मोठी होऊन उडून गेली, तोवर पदवी राहून गेली ती गेलीच. पदवी म्हणजे काय, तर विद्यापीठाचा शिक्का मारलेलं एक पिंपळपान. पण ते नसल्याचं तिला फार लागायचं. कोणी ‘शिक्षण किती?’ विचारलं की ती घाईघाईने हवापाण्याचं बोलायची.

एक दिवस समुद्रापलीकडच्या उगवतीच्या बेटावरून बातमी आली. त्या बेटावर करकोचे राहतात. हे बेट म्हणजे जपान का, असं तुम्ही विचाराल. मी काही बोलणार नाही. तिथे आत शिरताना जोडे काढतात आणि भेटलं की कमरेत वाकतात, एवढं सांगतो. तर करकोच्यांना आपल्या पिल्लांसाठी पोपटीचे सहायक शिक्षक हवे होते.

टिपरी धावत कोंडीबा कावळ्याकडे गेली. त्याची ‘परदेशगमन मार्गदर्शन केंद्र’ अशी पाटी होती. स्वतः कोंडीबा तळ्यापलीकडे कधी गेला नव्हता.

“पदवी आहे?” कोंडीबाने विचारलं.

“पोपटी येते,” टिपरी म्हणाली.

“ते नाही विचारलं मी. पदवी.”

“कशातली लागते?”

“कशातलीही. नियमच आहे तसा. विषय कुठलाही चालेल, शिक्का पाहिजे.”

“अहो, पण मला पोपटी येते त्याचं काय?”

“ते तू घरच्या घरी बोल.”

तेवढ्यात शेजारच्या फांदीवरून डॉक्टर दिवाभीत घुबड पुढे झाले. ‘वारुळाचं पूर्वेकडचं भोक’ या विषयात त्यांनी पदवी घेतली होती, मग त्या पदवीवर आणखी एक पदवी. पोपटीतला त्यांना एकच शब्द यायचा, ‘येस’. तोही ते जपून वापरायचे. त्यांचं बेटावर जायचं काम चार दिवसांत झालं.

टिपरी मात्र हटेना. “कोंडीबामामा, बिनपदवीची काही वाट नाही का हो?”

“आहे की. करकोच्याशी लग्न कर.”

“गुडघ्याला लागेन मी त्याच्या!”

“मग हौशी पाहुणी म्हणून जा. तरुण पाखरांना तशी परवानगी देतात. तिथल्या शाळेच्या दारातलं झाड पिवळं झालं की परत यायचं. तोवर कोणी कामावर ठेवलं तर ठेवलं.”

टिपरीने लगेच होकार दिला. इथवर सगळं ठीक होतं. पण जंगलात एक तरुण मित्र मंडळ होतं, आणि मंडळाकडे फ्लेक्स होता. दुसऱ्या दिवशी जांभळीच्या झाडावर टिपरीचा हा एवढा मोठा फोटो लागला. खाली अक्षरं : ‘उगवतीच्या बेटावर शिक्षिका म्हणून निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ आणि त्याखाली शुभेच्छुक म्हणून सत्तावीस माकडांचे फोटो.

“अरे, निवड झाली नाही अजून!” टिपरी ओरडली.

“होईल हो, ताई,” माकडांचा अध्यक्ष म्हणाला. “फ्लेक्स छापून झालाय.”

नारळ दिला, शाल दिली, भाषणं झाली. म्हाताऱ्या वडिलांनी मोडका पंख कसाबसा हलवून निरोप दिला. पोर मास्तरीण झाली म्हणून त्यांचे डोळे भरून आले होते. टिपरीला त्यांना खरं सांगवेना. आता नोकरीशिवाय परत यायचं कोणत्या तोंडाने?

बेटावरच्या शाळेचे मुख्याध्यापक होते लालतुरे सर. उंच, पांढरेशुभ्र, डोक्यावर लाल ठिपका. टिपरीने वाकून नमस्कार केला. सर तिच्यापेक्षा खाली वाकले. मग टिपरी आणखी वाकली. सर आणखी. शेवटी टिपरीचं कपाळ फरशीला टेकलं, तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं.

“सर, मला पोपटी शिकवायचीय. पदवी नाही.”

लालतुरे सरांनी मान तिरकी केली. दातांतून वारा ओढावा तसा चोचीतून ओढला. “टिपरीसान, हे जरा कठीण आहे.” ‘सान’ म्हणजे त्यांच्याकडचं ‘बाई’.

टिपरीची कळी खुलली! आपल्याकडे काम होणार नसलं तर साहेब सरळ हाकलून देतो. ‘जरा कठीण आहे’ म्हणाला, तर त्याचा अर्थ उद्या या. म्हणून ती दुसऱ्या दिवशी गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. लालतुरे सर रोज वाकायचे आणि रोज तेच म्हणायचे. करकोचे कोणाला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि ती का येत राहते, हे सरांना विचारवत नव्हतं.

चौथ्या दिवशी ती गेली, तेव्हा नेमकी सफाईची घंटा झाली. त्या बेटावर झाडूवाला नसतो, बाळांनो. रोज ठरलेल्या वेळी सगळी शाळा स्वतःच शाळा झाडते आणि पुसते. पिल्लं, शिक्षक, खुद्द लालतुरे सरसुद्धा. हसू नका. तुम्हाला तुमची ताटली उचलायला सांगितली की पोटात दुखतं, ठाऊक आहे मला.

कोणीतरी टिपरीच्या पंखातही एक फडकं दिलं. पाहुणीला वगळणं बरं दिसलं नसतं. टिपरी वर्गात शिरली आणि काय पाहते?

फळ्याशेजारी डॉक्टर दिवाभीत उभे. ताठ, गंभीर, डोळे सताड उघडे. घुबडच ते! दिवसा उभ्या उभ्या झोपलेले होते. तास झाला, घंटा झाली, त्यांना पत्ता नाही. करकोच्यांना वाटायचं, केवढा हा विचारवंत. मुलं त्यांच्या भोवतीची फरशी पुसत होती, अगदी चिडीचूप. तासालाही अशीच चिडीचूप असायची. पोपटी सगळ्यांना लिहिता यायची, पण बोलताना चुकलं तर चारचौघांत लाज, म्हणून कोणी चोच उघडायचं नाही.

टिपरीला गप्प राहणं जन्मात जमलं नव्हतं. तिने पोपटीतच सुरू केलं. “अगं बाई, ही बादली आहे की तळं? सरक, सरक! कोपऱ्यात कोण पुसणार, तुझे आजोबा?”

पिल्लं थबकली. मग शुभ्रा नावाचं एक बारकं पिल्लू, ज्याचा आवाज त्याच्या आईनेही फारसा ऐकला नव्हता, हळूच पोपटीत म्हणालं, “बाई... पाणी सांडला.”

“सांडलं तर सांडलं! पूस की!” टिपरी ओरडली, आणि सगळा वर्ग खदखदून हसला. शुभ्राही हसली. सफाईला काही गुण नव्हते ना! इथे चूक झाली तर फडक्याने पुसता येत होती.

त्या दिवसापासून टिपरी रोज सफाईच्या घंटेला हजर. शाळेत पोपटीचा नुसता कलकलाट. डॉक्टर दिवाभीत मधूनच जागे व्हायचे, “येस” म्हणायचे आणि पुन्हा झोपायचे.

शरद ऋतू आला, आणि शिक्षणाधिकारी तपासणीला आले. जाडजूड भुवयांचे, कधी न हसणारे एक वृद्ध करकोचे. त्यांनी वर्गाला पोपटीत विचारलं, “मुलांनो, कसे आहात?”

एरवी इथे शांतता पसरायची. पण पंचवीस चोची एकदम उघडल्या. “मजेत! साहेब, पाय उचला, फरशी ओली आहे! बादलीत पडाल! तुमचे आजोबा पुसणार का?”

अधिकारी आयुष्यात पहिल्यांदा हसले. “हे कोणी शिकवलं?”

सगळे डॉक्टर दिवाभीतांकडे बघायला लागले. डॉक्टर नेमके तेव्हाच जागे झाले आणि म्हणाले, “येस.”

पण लालतुरे सर खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी फडकं पंखात घेऊन उभ्या असलेल्या टिपरीकडे चोच वळवली. “या पाहुणीने.”

“मग नेमा त्यांना!”

“पदवी नाही, साहेब.”

अधिकाऱ्यांच्या भुवया खाली आल्या. त्यांनी टिपरीकडे बघून चोचीतून वारा ओढला. “हे... जरा कठीण आहे.”

लालतुरे सरांची मान खाली गेली. शुभ्रा हुंदके द्यायला लागली. ते बघून टिपरीला त्या चार शब्दांचा अर्थ कळला. इतके दिवस सर आपल्याला नाहीच म्हणत होते तर! खिडकीबाहेर दारातलं झाड पिवळंधमक झालं होतं. तिच्या डोळ्यांसमोर जांभळीवरचा फ्लेक्स आला, आणि वडिलांचा तो मोडका पंख.

“रडू नकोस गं,” ती शुभ्राला म्हणाली. “एवढा कोपरा राहिलाय, तो पुसून जाते.”

ती खरोखरच तो कोपरा पुसायला लागली. लालतुरे सर बघत राहिले. मग त्यांनी नियमांचं जाड पुस्तक काढलं आणि मोठ्याने वाचलं, “पदवी असावी. विषय कुठलाही चालेल.” त्यांनी पान उलटलं. पुन्हा उलटलं. “साहेब, ती कोणी द्यावी, हे यात कुठेच लिहिलेलं नाही.”

शाळेत धावपळ उडाली. कोणीतरी एक पिवळं पान आणलं. त्यावर लालतुरे सरांनी सुंदर अक्षरात लिहिलं : ‘टिपरी साळुंकी, फरशी-विशारद.’ त्या बेटावर सही चालत नाही, ज्याचा त्याचा शिक्का लागतो. सरांनी शिक्का मारला. शिक्षकांनी मारले. पंचवीस पिल्लांनी पाय शाईत बुडवून मारले. शेवटी अधिकाऱ्यांनी भुवई उडवली आणि आपला मोठा शिक्का मधोमध हाणला.

टिपरीने ते पान छातीशी धरलं आणि ढसाढसा रडली. जंगलात बातमी पोचली, तेव्हा वडिलांनी सगळ्या फांद्यांवर पेढे वाटले. ‘आमच्या मार्गदर्शनाने’ अशी नवी पाटी कोंडीबाने लावली. माकडांना काहीच करावं लागलं नाही. फ्लेक्स अजून तिथेच होता.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण बाळांनो, ती आता नोकरीत होती ना!

सहायक शिक्षकासाठी नियमांचं वेगळं पुस्तक होतं. फळ्याच्या उजवीकडे उभं राहावं. सांगितल्याशिवाय बोलू नये. वर्गशिक्षिकेने वाचलेलं वाक्य एकदाच, सावकाश म्हणावं. आणि सफाईच्या वेळी शिक्षकांच्या खोलीत बसून मुलांच्या प्रगतीचा अहवाल लिहावा, कारण पदवीधर सहायकाचा वेळ मोलाचा असतो.

टिपरी उजवीकडे उभी राहिली. डॉक्टर दिवाभीत डावीकडे. आठ दिवसांत वर्ग पहिल्यासारखा चिडीचूप झाला. नवव्या दिवशी टिपरीलाही उभ्या उभ्या पेंग यायला लागली. शेजारून डॉक्टरांनी एक डोळा उघडला आणि आपुलकीने पुटपुटले, “येस.”

टिपरी दचकून जागी झाली. छे छे छे! एवढे किडे वेचले ते यासाठी? तिने समोर बघितलं. शुभ्रा पुन्हा चोच मिटून बसली होती. टिपरीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि टेबलावरचा पाण्याचा मोठा तांब्या पंखाने अलगद ढकलून दिला.

धडाम! फरशीवर पाणीच पाणी.

मग शुभ्रा उभी राहिली आणि खणखणीत पोपटीत ओरडली, “बाई, पाणी सांडलं!”

“सांडलं तर सांडलं!” टिपरी ओरडली. “पुसा की!”

तेव्हापासून त्या शाळेत रोज, न चुकता, पोपटीच्या तासाला पाणी सांडतं. टिपरीबाईंचा पंख फार वेंधळा आहे, असं लालतुरे सर अहवालात लिहितात. आणि शिक्का मारून झाला की फडकं घेऊन वर्गाकडे पळतात.

तात्पर्य : पदवी नसतानाही परदेशात शिक्षक होता येतं. फक्त मग शिकवावं लागतं. तेवढे कष्ट नको असतील तर बाळांनो, वेळीच एखादी पदवी घेऊन टाका. विषय कुठलाही चालेल.