बेंबीवाले सामंत सर

लालबागच्या मासळी बाजारात लोक मासे विकत घेतात. सामंत सर मासे उलटे करतात. सगळे नाहीत, फक्त मुशी, म्हणजे आपला शार्क, आणि त्यातही कानमुशी. हातोड्यासारखं आडवं डोकं आणि डोक्याच्या दोन टोकांना दोन डोळे, ती. तिचं पिल्लू पाटीत दिसलं की सर पँट सावरून उकिडवे बसतात, त्याला उताणं करतात आणि शेजारच्या अनोळखी बाईला विचारतात, "सांगा पाहू, हे काय?"

बाई गोंधळते.

"बेंबी! ही अंडी घालत नाही हो. आईच्या पोटात नाळेवर वाढते, तुमच्या-आमच्यासारखी. बघा, जखमसुद्धा भरलेली नाही. आत्ता कुठे जन्मलीय!"

बाई सुरमईकडे वळते. द्वारका कोळीण कपाळावर हात मारते. "ओ सर, म्हावरा घेवाचा का त्याचा बारसा करवाचा?"

"जाळ्यात जिवंत आली तर सोडून द्यायला सांग नवऱ्याला," सर उठता उठता बजावतात.

सर आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहतात. शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. मोठी कानमुशी वाळूखाली दडलेला चपटा पाकट मासा कसा हुडकते, हे ते गॅलरीतून चालताना मान डावी-उजवीकडे झुलवत दाखवतात. "नुसत्या डोक्यानं! जिवंत अंगातली बारीकशी वीज कळते तिला." अशा वेळी समोरून येणाऱ्यानं भिंतीला चिकटून उभं राहावं. ती केवढी लांब असते हे सांगताना ते आमच्या खोलीत पावलं मोजायला लागतात आणि दाराबाहेर जाऊन थांबतात.

मी खूप हसायचे. बाळंत होईपर्यंत.

मुलगा झाला आणि मला दूध येईना. पोर रडून लालबुंद व्हायचं. डॉक्टरीणबाईंनी वरचं दूध सुरू केलं, धीर धर म्हणाल्या, पण माझा धीर कधीच सुटला होता. सासूबाई मालवणच्या. कोवळ्या मुशीचं कालवण दिलं की बाळंतिणीला दूध येतं, यावर त्यांचा ठाम विश्वास. पिशवी घेऊन बाजारात गेल्या आणि रिकाम्या हातानं, धुमसत परत आल्या.

"एकच मुशी होती, ती ह्या मास्तरान उलटी केल्यान! चार बायकांदेखत माका म्हणता, हिची आवस वर्सभर पोटात पोरां वाढयता, हीच खाल्लास तर पुढे उरतली काय? माझो नातू रडता आणि ह्येका माशाचा पडला हा!"

त्या दिवशी मलाही सरांचा राग आला.

संध्याकाळी सर दारात उभे. हातात झाकलेलं पातेलं. "अळिवाची खीर आहे. तुझ्या तोंडचा घास मी काढला ना, मग दुसरा मीच द्यायला हवा."

सासूबाईंनी पातेलं घेतलं, पण सरांशी अबोला धरला. खीर मात्र अप्रतिम होती. गूळ नेमका, वर जायफळ. मग रोज संध्याकाळी पातेलं येऊ लागलं. सर उंबऱ्याबाहेर उभे राहून, बाळाकडे न बघता, कानमुशीबद्दल बोलायचे. मी खायचे आणि ऐकायचे. ऐकता ऐकता रडायचं विसरायचे.

आणि एके दिवशी दूध आलं. खिरीनं, विसाव्यानं की आपसूक, देव जाणे. पोर पोटभर पिऊन झोपलं. माझ्या हातात रोज गरम वाटी देणाऱ्या त्या माणसाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी अबोला सोडला. "मास्तरानु, बाळंतिणीची खीर तुमका कोणी शिकयल्यान?"

सर पातेल्यावर झाकण बसवत राहिले. "शिकलो माझा मीच, आमच्या हिच्यासाठी. तिचे दिवस भरत आले तेव्हा रोज करून बघायचो, गूळ जास्त व्हायचा. मग ती आणि बाळ, दोघंही हॉस्पिटलातून घरी आली नाहीत. खायला घालायचं राहूनच गेलं."

अख्खी चाळ त्यांना ब्रह्मचारी समजत होती. मीसुद्धा.

सासूबाई उठल्या. झोपलेलं पोर अलगद उचलून त्यांनी सरांच्या हातात दिलं.

"ह्येका जरा मांडयेर घेवा. माका भात लावचो हा."

भात तर मघाशीच झाला होता.