नाईककाका आणि दिव्याचे खांब

नाईककाकांना वय विचारलं की म्हणायचे, "सध्या किलोमीटर अडुसष्ट. रस्ता चालू आहे, साइडपट्ट्या गेल्यात."

सगळी नोकरी बांधकाम खात्यात. जिल्ह्यातले रस्ते मोजायचे, त्यांना नंबर द्यायचे, दगड रोवायचे. काकू गेल्या, तसे काका तीन महिन्यांच्या व्हिजिट पासवर मुलाकडे, विनयकडे, सिंगापूरला आले. विनयच्या बिशान भागातल्या फ्लॅटमधली एक खोली माझ्याकडे भाड्यानं होती.

पहिल्याच दिवशी त्यांनी घराची वर्गवारी केली. विनय राष्ट्रीय महामार्ग, "थांबायला जागाच नाही." सूनबाई राज्य मार्ग. "आणि तू प्रमुख जिल्हा मार्ग. नावाला प्रमुख, बाकी खड्डेच."

"आणि तुम्ही, काका?"

"ग्रामीण मार्ग. गाव आलं की संपला."

इथले एक्सप्रेसवे त्यांना अजिबात पसंत नव्हते. "पीआयई, सीटीई! रस्ता आहे का बँक? एक्झिटला नंबर आणि रस्त्याला नाही. म्हणजे दाराला नंबर, घराला नाही!" वर किलोमीटरचा दगड कुठेच नाही. माणसानं समजायचं कसं, किती आलो?

मग एक दिवस त्यांना शोध लागला, की इथे रस्त्यावरच्या दिव्याच्या प्रत्येक खांबाला नंबर असतो. काका एकदम खूश. "याला म्हणतात खातं!" तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेसहाला काखेत छत्री, हातात वही, आणि ब्लॉकपासून बसस्टॉपपर्यंत इन्स्पेक्शन. वहीला म्हणायचे एमबी, म्हणजे खात्यातली मोजमापाची वही.

मी बार्शीच्या शाळेत मास्तरांच्या नकला करून मार खाल्लेला. असलं गिऱ्हाईक सोडतो होय? पँट पोटावर ओढून, छत्रीनं टेबलाचा पाय ठोकून मी ओरडायचो, "खांब एक्केचाळीस! हजर!" घरी येणारी मंडळी हसून लोळायची. सगळ्यात जास्त विनय.

पास संपला. जायच्या आदल्या रविवारी आठ-दहा मराठी मंडळी चहाला जमली. नक्कल अस्सल व्हावी म्हणून मी काकांची एमबीच ढापली. मधोमध उभा राहिलो, पान उघडलं आणि त्यांच्या आवाजात सुरू केलं.

"सोमवार. खांब एक्केचाळीस. विनू ऑफिसातून येताना भेटला. घरापर्यंत सहा खांब बोलला."

हशा झाला. मी पुढे वाचलं.

"मंगळवार. बसस्टॉपलाच गाठला. अकरा खांब. दाढ दुखते म्हणाला. बुधवार. तो लवकर आला. लिफ्टपाशी गाठ. शून्य."

कुणी हसलं नाही. माझा आवाज काकांचा राहिला नव्हता. घरात शिरला की विनय फोन नाहीतर कॉम्प्युटर धरायचा, हे मलाही माहीत होतं. तीन महिन्यांत काकांना मुलगा मिळाला तो एवढाच, खांबांवर मोजून.

"गाढवा, एमबीला हात लावायचा नसतो!" काका ओरडले. कान लाल झाले होते.

विनयनं कप खाली ठेवला. "बाबा, जरा खाली जाऊन येऊ या?"

"पाहुणे बसलेत, विनू."

"बसू देत."

मी कॉरिडॉरमधून बघत होतो. बसस्टॉप आला. दोघं थांबले नाहीत, पुढे गेले, वळणापलीकडे दिसेनासे झाले.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीत बसताना काकांनी वही माझ्या हातात कोंबली. "घे. नक्कल तरी नीट कर."

शेवटच्या पानावर रविवारची नोंद होती. तारीख, वार, आणि खाली त्यांच्या रेखीव अक्षरात: "खांब मोजायचे राहून गेले."