धाकल्याची नळी

लाईट गेली आणि नाना जमिनीवरच बसला.

"अक्का, बठ्ठं वाया गयं," म्हणाला. एरवी माझ्याशी कॉलेजातलं मराठी बोलायचा; सगळं वाया गेलं, हे त्या दिवशी घरच्या अहिराणीत आलं.

नाना म्हणजे जळगावात माझ्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहणारा मास्तर. कॉलेजात विज्ञान शिकवायचा. लग्न केलं नाही. लोक कुत्री पाळतात, हा विंचू पाळायचा. लोणच्याच्या बरण्यांत, तोंडाला फडकं बांधून. "चिठ्ठ्या लाव, नाहीतर तुझ्याच ताटात वाढीन," असं मी बजावलं होतं. शेपटीला सेलचा झटका देऊन विष काढायचं आणि त्यातली प्रथिनं साईजप्रमाणे वेगळी करायची. माणूस मारणारं नेमकं कुठलं, ते त्याला हवं होतं.

त्याच्या दोन पद्धती होत्या. एकीत दोन काचांमध्ये जेली, तिच्यातून वीज सोडायची. "धरणगावच्या लग्नातली गर्दी समजा, अक्का. धाकले पायांमधून घुसून जिलबीपाशी आधी पोचतात. थोरले अडकतात." दुसरी म्हणजे उभी काचेची नळी, भिजल्या साबुदाण्यासारख्या बारीक दाण्यांनी भरलेली. दाण्यांना भोकं. "हा बाजार. धाकला दिसेल त्या दुकानात शिरतो, म्हणून उशिरा. थोरला मावतच नाही, सरळ बाहेर."

तेच विष, क्रम उलटा. मी चौथी शिकलेली, पण तोंडात बोट घातलं.

दोन्हीकडून एकच उत्तर आलं तर खरं, असा त्याचा हट्ट. वर्षभराचं विष दोघींत अर्धं अर्धं घातलं होतं. लाईट गेली तशी जेलीतून पुढे सरकणारी निळी रेघ निम्म्यात थांबली आणि फिसकटली. नळीला मात्र वीज लागत नव्हती. थेंब पडत राहिला.

दुपारभर मी शेजारी बसले. तो थेंब बाटल्यांत धरायचा, वर औषध टाकायचा. प्रथिन असलं की निळं. आधीच्या बाटल्या निळ्या झाल्या. "थोरला आला." मग नुसतं पाणी. बाटलीमागून बाटली पाणी. नाना घामाने भिजला.

"धाकला कुठे राहिला?"

"बाजारात असेल. भूक लागली की येईल," मी म्हटलं.

ऊन उतरलं तेव्हा एक बाटली निळी झाली.

"उना," नाना म्हणाला, म्हणजे आला. "धाकला उना, अक्का."

"दोघींत तुझी लाडकी कोणती रे?"

"नळी. जेलीत धाकला आधी निघून जातो. हिच्यात त्याची वाट बघता येते."

मग त्याने सांगितलं, एकदाच. शिंदखेड्याला एका गोधडीत दोन भाऊ निजले होते. विंचू दोघांनाही चावला. जगला तो थोरला, नाना.