एका कानाची थकबाकी

वकिलाला फी द्यायची नाही, असं श्यामसुंदर देवस्थळींनी चहा पिता पिता ठरवलं आणि तिथंच सगळं बिनसलं.

एरवी देवस्थळी काही ठरवणाऱ्यांपैकी नव्हते. फोर्टमधल्या एका जहाज कंपनीत ते आवक-जावक क्लार्क होते. दुसऱ्यांनी ठरवलेल्या गोष्टींवर तारखेचा शिक्का मारायचा, एवढंच त्यांचं काम. सकाळी वाशीहून बसनं खाडीपूल ओलांडायचा, संध्याकाळी उभ्यानं परत यायचं, तीन जिने चढायचे आणि दारातच 'पाणी गेलंय' हे ऐकायचं. अशी वर्षं काढलेल्या माणसाला काही ठरवायचं म्हटलं तरी दम लागतो. पण हा प्रश्न बायकोच्या पैशांचा होता.

त्यांची बायको वैजयंतीबाई ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. अठ्ठ्याहत्तर साली स्विचबोर्डच्या खोलीमागची वाफेची टाकी फुटली. बाईंना बाकी कुठं खरचटलंसुद्धा नाही, पण एक कान गेला तो गेलाच. एका कानाची ऑपरेटर कंपनीला नको होती. कंपनीच्या नियमांत अपंगत्वाची पेन्शन होती, आणि ती न देण्याच्या वाटाही त्याच नियमांत होत्या. युनियननं केस लावली. तारखा पडत गेल्या. अखेर पंच्याऐंशी साली निकाल लागला आणि सात वर्षांची थकलेली पेन्शन एकदम, एका चेकनं घरी आली.

"पुढच्या खोलीत टायपिंगचा क्लास काढणार," वैजयंतीबाईंनी त्याच दिवशी जाहीर केलं. "दोन मशीन. एक मराठी, एक इंग्रजी."

"आणि मी पेपर कुठं वाचू?"

"स्वयंपाकघरात. तिथं तुमची कधी फेरी होत नाही, तेवढीच ओळख होईल."

खालच्या मजल्यावरचे अरविंद चौबळ बँकेत होते आणि सोसायटीतल्या सगळ्यांच्या पैशांची त्यांना काळजी असे. ते जिन्यात भेटले. "देवस्थळी, एवढी रक्कम एका वर्षात आली म्हणजे रिटर्न भरावं लागणार. चांगला वकील गाठा. टेन्शन नको."

"फॉर्म भरायला वकील? अहो, माझा जन्म गेला कागदांत!"

(जन्म कागदांवर शिक्के मारण्यात गेला होता. ते कागद वाचायचा प्रसंग कधी आला नव्हता, हे त्यांनी सांगितलं नाही.)

रिटर्न त्यांनी एका रविवारी भरलं. सात वर्षांची पेन्शन एका वर्षाचं उत्पन्न म्हणून एकाच रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिली. वर ऑफिसच्या मशीनवर तीन पानांचा खुलासा टाइप करून जोडला. त्यात टाकी कशी फुटली, 'अर्जदार करदात्रीचा डावा कर्ण कायमचा निकामी' कसा झाला, पतीवर कोणता मानसिक आघात झाला, सगळं होतं. शेवटी 'कळावे, लोभ असावा' असंही होतं.

लोभ काही झाला नाही. डिमांड नोटीस आली. तेवढ्या करात इंग्रजी टाइपरायटर गेला असता आणि मराठीचा रोलरही.

वैजयंतीबाईंनी नोटीस वाचली. भांडी घासायला घेतली, आणि ती अशी घासली की चौबळ वर आले.

चौबळांनी कागद पाहून कपाळावर हात मारला. "अहो, मागच्या वर्षांचा पैसा एकदम आला तर तो त्या त्या वर्षी मिळाला असं धरून सवलत मागता येते. वहिनींची दर वर्षाची पेन्शन केवढीशी! कर बसलाच नसता. कंपनीकडून वर्षवार दाखला आणा आणि अर्ज करा."

दाखला आणायला देवस्थळींना दोनदा रजा टाकावी लागली. पहिल्यांदा दाखला देणारा माणूस रजेवर होता आणि दुसऱ्यांदा त्याचा शिक्का. आवक-जावकमधल्या माणसाला शिक्का हरवल्याचं दुःख कळतं, म्हणून ते तक्रार न करता परत आले. तिसऱ्यांदा वैजयंतीबाई स्वतः गेल्या आणि तासाभरात दाखला, सोबत डॉक्टरच्या सर्टिफिकेटची नक्कल घेऊन आल्या.

"कसं काय जमलं?"

"फोन लागेपर्यंत ऑपरेटर लाइन सोडत नाही," त्या म्हणाल्या.

देवस्थळी हळूच त्यांच्या डाव्या बाजूला सरकले आणि पुटपुटले, "झालं, आता महिनाभर हेच ऐकायचं."

ही त्यांची जुनी सवय होती. अपघातानंतर त्यांनी घरात एक सोय शोधून काढली होती. जे ऐकवायचं ते बायकोच्या चांगल्या कानाशी ओरडून सांगायचं आणि जे मनात साठलंय ते गेलेल्या कानाशी हळू आवाजात ओकून टाकायचं. मेव्हण्याचा आगाऊपणा, उपमा गिच्च होणं, साहेबानं केलेला अपमान, सारं त्या कानात जमा होत होतं. (चांगला कानही हल्ली अधू होतोय असं त्यांना वाटे. तिथं कितीही ओरडलं तरी वैजयंतीबाई मान वळवून "काय?" म्हणत.) सांगून टाकलं की त्यांना हलकं वाटे. आणि नवल म्हणजे पुढच्या आठवड्यात उपमा मोकळा होई, मेव्हणा येता येता राहून जाई. आपल्या सहनशीलतेचं हे फळ आहे, असं देवस्थळींचं प्रामाणिक मत होतं.

आयकर कचेरीतून सुनावणीचं पत्र आलं. दोघं एसटीनं ठाण्याला गेली. जाताना देवस्थळींनी खिडकीतला वारा चुकवत बजावलं, "साहेबासमोर फार पटापट उत्तरं देऊ नकोस. थोडं कमी ऐकू येऊ दे."

"एका कानानं येत नाही, दुसऱ्यानं येतं. हे सरकारला कळत नसेल तर मी काय करू?"

साहेब सर्दीनं बेजार होते. सकाळपासून बोलून त्यांचा घसा बसला होता. त्यांनी वर्षवार दाखला पाहिला, मान डोलावली. डॉक्टरचं सर्टिफिकेट पाहिलं. मग तीन पानांचा खुलासा उघडला आणि डोलणारी मान थांबली.

"डॉक्टर म्हणतात उजवा कान. तुम्ही लिहिलंय डावा. दोन्ही गेलेत का?"

"नाही साहेब, डावाच. डॉक्टरांची घाईत चूक झाली असणार."

"कंपनीच्या दाखल्यातही उजवाच आहे."

"त्यांनी डॉक्टरवरून उतरवलं असेल. साहेब, मी नवरा आहे. सात वर्षं रोज त्या कानाशी बोलतोय!"

साहेबांनी नाक पुसलं आणि वैजयंतीबाईंकडे पाहिलं. "बाई?"

"उजवा," वैजयंतीबाई म्हणाल्या.

पंखा फिरत होता. देवस्थळींनी आधी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, मग बायकोकडे. हॉस्पिटलमध्ये ते बायकोच्या समोर बसले होते. कानावरची पट्टी त्यांच्या डाव्या हाताला दिसत होती. समोर बसलेल्या माणसाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, एवढा विचार सात वर्षांत त्यांना शिवला नव्हता.

"खुलासा मागे घ्या," साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले. "सवलत मिळेल. पण हा कागद फायलीत नको. मलाच वाचवत नाही."

परतीच्या एसटीत दोघं शेजारी बसली. ऐरोलीपर्यंत देवस्थळींनी दोनदा तोंड पुढं नेलं आणि मागं घेतलं. कोणत्या बाजूला बोलायचं तेच त्यांना कळत नव्हतं.

"म्हणजे तू सगळं..." त्यांनी शेवटी विचारलं.

"सगळं."

"तुझ्या भावाबद्दल?"

"त्याला मी 'जरा कमी ये' म्हणून सांगितलं. उपम्यात पाणी कमी केलं. तुमच्या साहेबाचं मात्र माझ्या हातात नव्हतं."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

वैजयंतीबाई खिडकीबाहेर मिठागरांकडे बघत होत्या. "मला वाटायचं, तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला भांडायचं नसतं, पण सांगायचं असतं, म्हणून हळूच चांगल्या कानात सांगता. म्हटलं, किती समजूतदार नवरा आहे. ओरडायचं ते बहिऱ्या कानाशी ओरडतो, मला त्रास नको म्हणून." त्यांनी वाऱ्यानं उडणारा पदर आवरला. "आणि ऑपरेटरनं दोघांचं ऐकायचं असतं, मध्ये बोलायचं नसतं."

ऑफिसात तीस वर्षांत देवस्थळींचं कुणी काही ऐकून घेतलं नव्हतं. इकडे घरात त्यांचा शब्दन् शब्द ऐकला गेला होता, त्याप्रमाणे कारवाईसुद्धा झाली होती, आणि त्यांनी पोच मात्र कधी दिली नव्हती.

कर माफ झाला. दोन मशीन आली. पुढच्या खोलीत सकाळ-संध्याकाळ मुली टायपिंग शिकू लागल्या आणि देवस्थळी पेपर घेऊन स्वयंपाकघरात बसू लागले. पुटपुटणं बंद झालं. चहा बेचव झाला तरी ते गिळत. माणसानं किती गिळावं!

पण मनात एक गोष्ट राहिली होती. एका रविवारी बाहेर मशीनचा खडखडाट चालू होता आणि वैजयंतीबाई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या राहून मटार सोलत होत्या. बाई समोर आल्या की उजवं-डावं नीट धरायचं, हे आता पाठ झालं होतं. बहिरा कान शोधून देवस्थळी त्याच्याजवळ गेले. हे ऐकू जायला नको होतं, फक्त बोलून टाकायचं होतं.

"वैजू, तू होतीस म्हणून माझं निभलं. नाहीतर मी कुठल्याच कामाचा नाही," ते हळूच म्हणाले.

"काय?"

त्यांना बरं वाटलं. म्हणजे कान बरोबर होता! हुरूप येऊन त्यांनी 'कुठल्याच कामाचा नाही' एवढंच जरा मोठ्यानं म्हटलं. पुन्हा "काय?" आता त्यांचा धीर चेपला. आतड्यापासून आवाज काढून ते ओरडले, "मी कुठल्याच कामाचा नाही!"

नेमकी त्याच क्षणी बाहेर दोन्ही मशीन थांबली होती. आधी एक मुलगी फिस्सकन हसली, मग सगळ्या.

"पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं," वैजयंतीबाई मटाराच्या शेंगेवरची नजर न काढता म्हणाल्या. "हा डावा."

"मग तीनदा का वदवलंस?"

"सुरुवातीचं वाक्य परत म्हणाल असं वाटलं होतं. तुम्ही नेमकं शेवटचंच धरून बसलात."