अबाधित एकांत (शासनमान्य)

गाव दरीच्या तळाशी होतं आणि तिथे जायला रस्ता नव्हता. गावकऱ्यांच्या मते ही गैरसोय होती, सरकारच्या मते भूगोल.

गावप्रमुखाची लेक शेजारच्याच घरात राहायची. चढण चढून दवाखाना गाठेपर्यंत तिचं पहिलं मूल गेलं होतं. आता पुन्हा दिवस राहिले होते. या वेळी तरी गाडी दाराशी यावी, म्हणून बापाने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. बांधकाम खात्याने सांगितलं, एवढ्याशा वस्तीला रस्ता मिळत नाही. पर्यटक येत असतील तर बघू. म्हणून तो पर्यटन खात्यात गेला.

"गावाचा इतिहास काय?" साहेबांनी विचारलं.

"कोणीतरी वाट चुकून खाली उतरलं, साहेब. परत चढायचा कंटाळा केला. आम्ही त्यांचेच वंशज."

"कंटाळा इतिहासात बसत नाही. 'मनःशांतीसाठी स्थिरावले' असं घेऊ. आणि आकर्षण?"

"कसलं आलंय आकर्षण! साधा रस्ता नाही."

"वा! हेच तर!" साहेब खुर्चीतून उठलेच.

गावाला 'अबाधित एकांत' हा दर्जा मिळाला. पर्यटक धापा टाकत येऊ लागले. गावप्रमुखाने रस्त्याची आठवण करून दिली, तेव्हा साहेब दुखावले.

"अहो, रस्ता झाला की एकांत गेला. एकांत गेला की पर्यटक गेले. मग पर्यटकच नसतील तर रस्ता हवाय कुणाला?"

"माझ्या लेकीला," गावप्रमुख म्हणाला. पण तशी तरतूद नव्हती.

पुढे तपासणी पथक आलं आणि गावाच्या दुर्दैवाने सुखरूप पोचलं. 'ज्याअर्थी पथक पोचले, त्याअर्थी गाव पुरेसे दुर्गम नाही,' असा शेरा पडला. दर्जा टिकवायला पायवाटेच्या पायऱ्या उखडण्यात आल्या, कड्यालगतचा दोर काढला, पाटीचं तोंड पलीकडच्या डोंगराकडे फिरवलं. दुसऱ्या पथकाला गाव सापडलंच नाही. दुर्गम गावांच्या यादीत गावाचा पहिला नंबर आला.

त्याच आठवड्यात लेकीला कळा सुरू झाल्या. डॉक्टर बिचारा निघाला, पण पाटीवर विश्वास ठेवून पलीकडच्या डोंगरावर गेला. जावई आणि बापाने तिला खुर्चीत बसवून उचललं. उखडलेल्या पायऱ्यांपाशी खुर्ची अडली आणि पोरगी तिथेच, दगडांत जन्मली. ती रडली तेव्हा गावप्रमुख तिच्याहून मोठ्याने रडला. मला तर त्या साहेबांना त्याच खुर्चीत बसवून कड्यावरून फिरवून आणावंसं वाटलं. पर्यटकांनी मात्र बाजूला सरून वाट दिली आणि फोटो काढले.

खात्याने नोटीस धाडली: 'एकांतात पूर्वपरवानगीविना एकाची भर.'

लेकीने खात्याला आणखी तसदी दिली नाही. बाळाला घेऊन ती शहरात, दवाखान्यासमोरच्या खोलीत राहायला गेली.

पर्यटकांनी काढलेला तो फोटो तुम्हीही मोबाइलवर पाहिलात. खाली लिहिलंत, "किती भाग्यवान माणसं! अशा ठिकाणी कायमचं राहायला मिळालं तर!" गावप्रमुखाने तुम्हाला लगेच कळवलं, की लेकीचं घर रिकामं आहे, भाडं नको, केव्हाही या.

तुम्ही उत्तरादाखल एक हसरा चेहरा पाठवलात.