गॅस घ्यावा की हवा?

चाकणच्या लक्ष्मणरावांचं पत्र महिनाभर माझ्या टेबलावर पडून होतं. उत्तर द्यायचं नव्हतं असं नाही. असं उत्तर देणार होतो की चाकणभर त्याच्या झेरॉक्स फिरल्या असत्या!

लक्ष्मणराव म्हणजे माझ्या नातीचे, उत्कर्षाचे, होऊ घातलेले सासरे. त्यांच्या मुलाने, दिग्विजयने, कंपन्यांच्या मधोमध उरलेल्या शेतात पेंटबॉलचं मैदान काढलंय. आयटीतली पोरं तिथे बंदुकांतून रंगाच्या गोळ्या मारून एकमेकांना रंगवतात आणि वर पैसे देतात! या बंदुका कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर चालवाव्यात की दाबलेल्या हवेवर, असं लक्ष्मणरावांनी विचारलं होतं. 'तुमी आयुष्यभर ग्रंथालयात होता, तुमाला ठावं आसंल.' मी फोन उचलत नाही, म्हणून पत्र. शेवटी एक ओळ होती : 'सुपारी कधी फोडायची तेबी कळवा.'

शेवटची ओळ सोपी होती. म्हणून मी अवघडापासून सुरुवात केली.

गॅस स्वस्त, कुठेही मिळणारा. पण थंडीत मलूल आणि उन्हात माजलेला. हवा बारा महिने एका चालीची. पण ती भरायचा कॉम्प्रेसर म्हणजे हत्ती पोसणं! पिंपळे गुरवच्या आमच्या पंक्चरवाल्याला भीत भीत विचारलं, तुमची हवा चालेल का? तो म्हणाला, "काका, एवढा दाब टाकला तर माझं दुकान उडून रहाटणीला पडेल!"

मसुदा लिहायचो, फाडायचो.

"अहो, दोन ओळी खरडा!" ही म्हणायची.

"आणि चुकलं तर?"

एका संध्याकाळी उत्कर्षाने ऑफिसातून येऊन पर्स आपटली.

"आजोबा, दिग्विजय नको होता तर तोंडावर सांगायचं!"

"मी कधी नको म्हटलं?"

"त्यांनी सुपारीचं विचारलं, तुम्ही गप्प. गप्प म्हणजे नकार! त्याच्यासाठी दुसरं स्थळ बघतायत घरी!"

मी मसुदा तिथेच टाकून हिला हाक मारली.

रविवारी आम्ही तिघं चाकणला. लक्ष्मणराव कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, चेहऱ्यालाही इस्त्री. पाणी आलं, चहा नाही!

"बोला पाव्हणं. नकार आसंल तर तोंडानं द्या."

मला होकारच द्यायचा होता. पण एवढ्या माणसांपुढे तोंडातून निघालं ते भलतंच. "आधी... बंदूक बघू का?"

उत्कर्षाने कपाळाला हात लावला.

दिग्विजयने मला मुखवटा चढवला, गॅसची बंदूक हातात दिली आणि बाकीच्यांना जाळीमागे उभं केलं.

"आजोबा, नळी खाली झुकवू नका. सिलिंडरमधला द्रवरूप गॅस बंदुकीत शिरतो."

हे मीही वाचलं होतं. पण मी जन्मभर जमिनीकडे बघत आलेला माणूस. मान खाली, नळीही खाली! फुस्स! पांढरा धूर, बोटं गारठलेली. दचकून नळी वर केली आणि खटका ओढला गेला. गोळी जाळीवर फुटली, आणि पिवळा रंग जाळीतून थेट लक्ष्मणरावांच्या शर्टावर!

गेली उत्कर्षाची सोयरीक, मी मनात म्हटलं.

तोच लक्ष्मणरावांच्या आई, छबूबाई, पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "आरं लक्षिमणा, नवऱ्याच्या आधी तुलाच हळद लागली की! आता कसला नकार? व्हय ना वो पाव्हणं?"

"हो! होकार! होकार!" मी मुखवट्यातून ओरडलो. आयुष्यात एवढ्या मोठ्यांदा प्रथमच.

लक्ष्मणराव पोट पुसत म्हणाले, "मग लिवून द्या. तुमचा भरवसा न्हाई. पत्र आल्याबिगर सुपारी फुटायची न्हाई!"

पण चहा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायला बसलो. 'हवा घ्या' असं लिहिलं. मग वाटलं, काल चूक गॅसची होती की माझ्या मानेची? खोडलं. 'गॅस घ्या.' तेही खोडलं. मागे उत्कर्षा हेल्मेट घालून उभी होती.

"आजोबा, आज पत्र गेलं नाही तर मी पळून जाऊन लग्न करीन!"

तिनेच गाडीवर बसवून मला चिंचवडच्या पोस्टात नेलं आणि पत्र पेटीत पडेपर्यंत माझा हात सोडला नाही. पत्रात एवढंच होतं : 'स्थळ पसंत आहे. सुपारी तुम्ही म्हणाल त्या दिवशी. गॅसबद्दल अजून वाचतो आहे.'