आधी कळवत जा

भाड्याच्या खोलीत एकटं राहायला धाकटीला एका अटीवर परवानगी मिळाली होती. काही कमीजास्त झालं, की मुकाट्याने घरी परत यायचं. अट आत्याची होती. घरात अटी आत्याच घालत असे, बाबा मान डोलवत आणि आई सगळ्यांची उष्टी काढत असे.

रविवारी दुपारी डोकं दुखतंय म्हणून धाकटी चष्म्याच्या दुकानातून लवकर निघाली, खोलीवर आली आणि फोन बंद करून आडवी झाली. एवढाच तिचा गुन्हा.

आत्याचा फोन लागेना. तिने दुकानात विचारलं. बरं वाटत नव्हतं म्हणून गेली, असं मालक म्हणाला. आत्याने बरं न वाटण्याची चक्कर केली आणि आईबाबांना घेऊन गाडीत बसेपर्यंत पोरीच्या डोक्याला चांगली खोकही पाडून ठेवली. वाटेत एका सुताराला उचललं. दाराशी पोचल्यावर त्याने बेलकडे हात नेला, तर आत्याने तो धरला. बेल ऐकून पोर उठायला जायची आणि पुन्हा पडायची. आत्यापुढे त्या बिचाऱ्याचं काय चालणार? त्याने चौकटीत पटाशी घातली.

खुडबुडीने धाकटी दचकून उठली. भरदुपारी चोर! तिने टेबल दाराला लावलं आणि जीव खाऊन रेटा दिला.

"आत कोणीतरी आहे," बाहेर बाबा कुजबुजले.

मग काय, सगळ्यांनी मिळून धक्का मारला. कडी, कुलूप, चौकटीची फळी एकदमच आत आली आणि त्यांच्यावर आत्या.

"शुद्धीवर आहेस ना गं?" तिने जमिनीवरूनच विचारलं.

"आत्तापर्यंत होते," धाकटी म्हणाली.

चौकट नवी करावी लागणार होती. कुलूप नसलेल्या खोलीत तरणी पोर राहणार नाही, असा आत्याने निकाल दिला. मोडलं यांनी आणि शिक्षा मला, म्हणून धाकटी रडकुंडीला आली. खोली गेली की पुन्हा मिळायची नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाबा म्हणाले, तुझ्या काळजीपोटीच ना? धाकटीने पिशवी भरली. प्रश्न उरला सामानाच्या राखणीचा.

"मी थांबते," आई म्हणाली.

घरी आत्याने धाकटीला झोप लागली का हे विचारायला तीनदा उठवलं. दुसऱ्या दिवशी दुकानातून धाकटीने सुताराला फोनवर गाठलं, तर तो म्हणाला, "खोलीतल्या बाईच म्हणाल्या, घाई नाही. पुढच्या महिन्यात या."

आईचा फोन बंद होता. हातातलं भिंग तसंच टाकून धाकटी खोलीकडे धावत सुटली. दार आतून टेबल लावून बंद केलं होतं. तिने बेल वाजवली, हाका मारल्या, थापा मारल्या. बऱ्याच वेळाने टेबल सरकल्याचा आवाज झाला आणि फटीत आई दिसली. केस मोकळे, डोळ्यांवर झोप. इतकी निवांत आई धाकटीने जन्मात पाहिली नव्हती.

"फोन का बंद ठेवलास? जीव टांगणीला लागला माझा."

"जरा पडले होते." आईने फट तेवढीच ठेवली. "आणि हे बघ बाळा, असं अचानक येऊ नये. आधी कळवत जा."

टेबल पुन्हा दाराला लागलं.